पाखरमाचीचा मानपान

कर्जतमध्ये राहणाऱ्या माणसाने डोंगर चढलाच पाहिजे, असा काही कायदा नाही. असता तर मला ठाऊक असता, कारण गेल्या हिवाळ्यात या विषयावरचे सगळे कायदे समजून घेण्यासाठी मी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेत. पण लोकांना हे कोण सांगणार? शनिवार-रविवार आला की आमच्या स्टेशनाबाहेर पाठीवर बोचकी टांगलेली मुंबईची पोरं उतरतात आणि मला, म्हणजे पिशवीत मेथीची जुडी घेऊन घरी निघालेल्या निवृत्त शिक्षकाला, अडवून विचारतात, "काका, वर पाणी आहे का?" वर म्हणजे नेमकं कुठे, तेही सांगत नाहीत. मी "आहे, आहे" म्हणतो. कुणाचा उत्साह कशाला घालवा?

मी शाळेत भूगोल शिकवायचो. सह्याद्री मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो, घाटांसकट. पण तो चढायला कधी गेलो नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, तेही मला कळलेलं नाही. ज्वालामुखी शिकवणारा मास्तर काय ज्वालामुखीत उतरून आलेला असतो? डोंगर खिडकीतून दिसतो, ढग अडवतो, पाऊस पाडतो. त्याचं काम तो करतो, माझं मी करतो. आमचे संबंध चांगले होते. ते बिघडले ते व्याह्यांमुळे.

झालं असं, की आमच्या सईचं जमलं. म्हणजे तिनेच जमवलं. पुण्याला तिच्याच ऑफिसातला यज्ञेश नावाचा मुलगा. आम्हाला फक्त आनंद व्हायचं काम शिल्लक ठेवलं होतं. मुलाची माणसं खोपोलीची. वडील जगदीशराव एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, आई प्रणिताताई. सगळं मनासारखं. एकुलती एक पोर, घर चांगलं, माणसं सभ्य, आणि अंतर असं की पोर रुसून आली तरी जेवायच्या वेळेला पोचेल. साखरपुड्याची तारीख ठरवायला ती मंडळी आमच्याकडे आली, पोहे झाले, तारीख ठरली, हॉल ठरला, आणि मग ती शांतता पसरली जी अशा प्रत्येक बैठकीत पोह्यांनंतर पसरतेच.

जगदीशरावांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचं बरं आहे, गोपाळराव. डोंगर अगदी दारात. जाणं होत असेल?"

आता याला साधं "नाही" असं उत्तर होतं. पण मुलीचा बाप पहिल्याच बैठकीत वरपक्षाला "नाही" कसं म्हणणार? मी म्हटलं, "होतं की अधूनमधून. तुम्ही तर घाटाच्या पायथ्याचे. तुम्हाला काय सांगायचं!"

"हो तर!" जगदीशराव म्हणाले. "तरुणपणी तर विचारू नका."

मी विचारलं नाही. तिथे थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मान द्यायला बसलं की माणसाचा हात आखडत नाही. मी म्हणालो, "मग या ना एकदा. पाखरमाचीच्या डोंगरावर जाऊ." आपल्याकडे "या ना एकदा" हे निरोप देताना म्हणायचं असतं. ते ऐकून कुणी खरोखर येत नाही; ज्यांना यायचं असतं ते न सांगता येतात. पण जगदीशराव क्षणभर प्रणिताताईंकडे बघून म्हणाले, "येतो की! साखरपुड्याच्या आधीच्याच रविवारी येतो."

आतून शैलाच्या हातातून चमचा पडल्याचा आवाज आला. मंडळी गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला गच्चीवर पापड वाळत घालायला सांगितले तर जिन्यात दोनदा बसता. पाखरमाची?"

"बसत नाही," मी म्हटलं, "शेजाऱ्यांची विचारपूस करतो."

सई जास्त स्पष्ट बोलते. शिक्षकाची मुलगी आहे. ती म्हणाली, "बाबा, फोन करून सांगा ना की मी गंमत केली. त्यांना काही वाटणार नाही." या पोरांना काय कळतं? मुलीच्या बापाचा शब्द म्हणजे काय असतो? आज म्हणतील, सासरा डोंगराबद्दल खोटं बोलला. उद्या म्हणतील, पोरीच्या शिक्षणाबद्दल कशावरून खरं बोलला? माझ्या एका शब्दापायी सईला त्या घरात खाली मान घालायला लागली असती, आणि ते मला कड्यावरून पडण्यापेक्षा भयंकर वाटत होतं. तोवर मी कडा बघितला नव्हता.

मग तयारी सुरू झाली. आमच्या वरच्या मजल्यावर अनुपम राहतो. डोंगर या विषयावर त्याने मोबाइलवर पाहिलं नाही असं काही नाही. त्याने मला सरबताच्या पुड्या, गुडघ्याला घालायचे पट्टे, शिट्टी आणि झटपट वाळणारी पँट घ्यायला सांगितली. "काका, कॉटन घालायचं नाही. कॉटन माणसाला मारतं." मी जन्मभर सुती कपडे घालून जिवंत होतो, पण वाद घातला नाही. तळमजल्यावरच्या छायाताई म्हणाल्या, "बिबट्या दिसला तर पळायचं नाही हं भाऊजी, उभं राहून टाळ्या वाजवायच्या." हे मी केस कापताना आमच्या दशरथ न्हाव्याला सांगितलं, तर त्याने कात्री थांबवली. "टाळ्या? आवो सर, टाळ्यांनी आग्यामव उठतं! माश्या लागल्या तर काय करायचं, हलायचं नाय." म्हणजे बिबट्या आणि मधमाश्या एकदम आल्या तर काय करायचं, याचं उत्तर कर्जतमध्ये कुणाकडेच नव्हतं.

छायाताईंनीच जाता जाता आणखी एक पिल्लू सोडलं. "आणि परवानगी काढलीत ना? हल्ली पकडतात म्हणे." झालं! मी कायदा पाळणारा माणूस. सोमवारी सकाळीच एका कचेरीत हजर झालो. तिथले साहेब म्हणाले, "डोंगराच्या कुठल्या बाजूने चढणार? अलीकडची बाजू आमच्याकडे, पलीकडची त्यांच्याकडे."

"आणि माथा?"

"माथा कुणाकडे येतो ते बघावं लागेल."

'त्यांच्याकडे' गेलो. तिथे टेबलामागे माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, पावसाळ्यात बंदी असते. आत्ता बंदी नाही."

"मग परवानगी दे."

"बंदीच नाही तर परवानगी कशाची देऊ? तुम्ही असं करा, पावसाळ्यात या, रीतसर अर्ज द्या. मी लगेच नामंजूर करतो."

मला त्याच्या चोख उत्तराचं कौतुक वाटलं. परीक्षेत त्याने असं एकही दिलं नव्हतं. उठताना त्याने सहज विचारलं, "सर, तुमच्या गटाचा प्रमुख कोण?" मी पेचात पडलो. वरपक्ष बरोबर असताना मी स्वतःला प्रमुख कसं म्हणवून घेऊ? मी म्हटलं, "ते त्यांच्याकडची मंडळी ठरवतील." त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

आता राहिला कपड्यांचा प्रश्न, आणि इथे मला थोडं आडवळणाने जावं लागेल. शैलाच्या कपाटात खालच्या कप्प्यात दोन पँटपीस होते. आमच्या लग्नात तिच्या काकांनी दिलेले, कॉफी रंगाचे, त्यावर पिवळट चौकडी. टेरिकॉट. दोन का, तर काका म्हणाले होते एकदा शिवून आवडली तर दुसरी लगेच शिवता येईल. तेव्हापासून हे पँटपीस आम्ही आहेरात द्यायचो आणि ते परत यायचे. मुंजीत दिले, वास्तुशांतीला परत आले. एकदा नाशिकला दिले, ते बदलापूरमार्गे आले. आपल्याकडे पँटपीस हा शिवायचा नसतोच. तो द्यायचा, घ्यायचा आणि ठेवायचा असतो. शैला म्हणाली होती की व्याह्यांना मानाचा हाच एक देऊन टाकू, पण मी तिला बजावलं, "कुणालाही दे. जगदीशरावांना नाही." साखरपुड्यासाठी मी स्वतः छान मोतिया रंगाची पँट शिवून घेतली होती, आणि रविवारी सकाळी मी ती घातली.

"डोंगरावर?" शैला किंचाळली.

"व्याह्यांबरोबर पहिल्यांदा बाहेर चाललोय. लेंगा घालून जाऊ?"

आणि बघा, माझंच बरोबर होतं. कडावच्या पुढे बोरीच्या वाडीला आमची गाडी पोचली तेव्हा जगदीशराव आधीच आलेले होते, आणि त्यांनीही कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र पँट घातली होती. आम्ही एकमेकांकडे मानाने बघितलं.

वाडीतल्या विमलबाईंच्या अंगणात सगळे टेकले. डोंगरावर जाणाऱ्यांना जेवण करून घालतात त्या. सई आणि यज्ञेश बूट घट्ट करून "आम्ही पुढे होतो" म्हणत वानरांसारखे दिसेनासे झाले. शैलाने आणि प्रणिताताईंनी डोंगराकडे एकदा खालून वरपर्यंत बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं, आणि त्या तिथेच घोंगडीवर बसल्या. "तुम्ही या जाऊन," प्रणिताताई म्हणाल्या. "आम्ही वांगी निवडतो."

अंगणाच्या कुडापाशीच पहिली अडचण आली.

"चला, तुम्ही पुढे व्हा," जगदीशराव म्हणाले.

"छे छे! पहिला मान तुमचा."

"अहो, डोंगर तुमचा. वाट तुम्हाला ठाऊक."

"असं कसं? मुलाकडचे मागे आणि मी पुढे? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे एक कुत्रं आणि दोन कोंबड्या होत्या. तरी शेवटी जगदीशराव पुढे झाले, मी मागे. अख्खी चढण याच क्रमाने झाली आणि सगळा अनर्थ याच क्रमाने झाला. पुढच्याला वाट ठाऊक नव्हती, आणि मागच्याला पुढच्याची चूक काढायची सोय नव्हती.

थोडं वर गेल्यावर दोन वाटा फुटल्या. एका दगडावर पांढऱ्या रंगाने डावीकडे जाणारा बाण काढला होता, चांगला ठसठशीत. जगदीशराव उजवीकडे वळले. मला बाण दिसला होता. पण साखरपुड्याच्या आधी व्याह्यांना "तुम्ही चुकलात" असं कुणी सांगतं का? मी म्हटलं, "वा!" पुढे मला कळलं की बाण त्यांनीही पाहिला होता. पण माझा "वा!" ऐकून त्यांना वाटलं, ही गोपाळरावांची खास ठेवणीतली वाट असणार.

दमायचं कसं, हा दुसरा प्रश्न. माझा श्वास भात्यासारखा चालला होता. समोर जगदीशरावांच्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. पण आधी बसायचं कुणी? वरपक्ष उभा असताना मी बसणं शक्य नव्हतं, आणि मुलीकडच्यांसमोर आधी बसून आपण थकलो असं दाखवणं त्यांना शक्य नव्हतं. मग आम्ही निसर्ग बघायला सुरुवात केली.

"हे झाड बघा," ते थांबून म्हणाले.

"बघतो," मी म्हटलं, आणि दोघांनी त्या झाडाला धरून ते भरपूर बघितलं. ऐनाचं साधं झाड होतं. त्याच्याकडे आयुष्यात इतकं कुणी बघितलं नसेल. पुढे आम्ही एक वारूळ बघितलं, एक दगड बघितला, आणि मग बघण्यासारखं काही नसताना नुसतंच आभाळ बघितलं. पाण्याच्या बाटलीचं तर विचारू नका. "आधी तुम्ही", "नाही नाही, तुम्ही" यात दोघांच्याही जिभा टाळूला चिकटायची वेळ आली.

वाट संपली आणि एक कोरडी नाळ सुरू झाली. नाळ म्हणजे पावसाळ्यात पाणी ज्या घळीतून धबाधबा खाली येतं ती; बाकीचे महिने तिथे नुसते धोंडे असतात, कपाटाएवढाले. पुढे मग हातपाय दोन्ही वापरायला लागले. एका धोंड्यावर जगदीशराव अर्धे चढून अडकले. आता काय करावं? आमच्या कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लावून ढकलतात, ते मी लहानपणापासून बघत आलोय. मी "माफ करा हं" म्हटलं आणि मागून खांदा लावला. व्याह्यांना नक्की कुठे खांदा लावला ते मी इथे लिहीत नाही. ते वर गेले आणि तिथून मानाने म्हणाले, "थँक यू." मग त्यांनी मला हात दिला. अशी आमची गाडी घाट चढत होती.

आणि मग वरती सरळ कातळ आला. त्याच्या पोटाला ओट्याएवढी सपाट जागा होती. तिच्यावर आम्ही कसेबसे चढलो, वळलो आणि खाली बघितलं.

अरे देवा! आपण चढत असताना मागे असं काही तयार होत असतं याची मला कल्पना नव्हती. नाळ पायाखालून सरळ खाली गेली होती. पार तळाशी बोरीच्या वाडीची छपरं, विमलबाईंचं अंगण, त्यात दोन रंगीत ठिपके. वर जायला वाट नाही. खाली जायची हिंमत नाही. मी पाठ कातळाला चिकटवली. जगदीशरावांनी माझ्या शेजारी पाठ चिकटवली. दोघेही समोर बघत राहिलो.

"दृश्य छान आहे," मी म्हटलं.

"उत्तम," ते डोळे मिटून म्हणाले.

एवढ्यात माझा फोन वाजला. शैला. "कुठवर पोचलात?"

"वर," मी म्हटलं. तसं ते खोटं नव्हतं.

"बरं वाटतंय ना? भाकऱ्या टाकायला सांगू का अजून वेळ आहे?"

"वेळ आहे. जगदीशरावांचं मन भरलेलं नाही अजून." तिच्यामागे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, पण फोन ठेवायला हात हलवावा लागणार होता, त्यामुळे मी त्याचा फार विचार केला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला सई दिसायला लागली. बारशातली, दप्तर घेतलेली, मग साखरपुड्याच्या साडीतली. हॉल ठरलेला, आचारी ठरलेला, आणि मुलीचा बाप कातळाला चिकटलेला. डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. पुसायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "गोपाळराव, एक बोलू? पण लग्न मोडू नका."

हे वाक्य मी म्हणायला हवं होतं. "अहो, काय बोलता?"

"मी आयुष्यात डोंगर चढलेलो नाही. मला उंचीची भीती वाटते. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचं कामसुद्धा हिच्याकडे आहे. तुम्ही एवढ्या आग्रहाने बोलावलंत, तेव्हा हिने डोळ्यांनी खुणावलं की मुलीकडच्यांचं पहिलंच आमंत्रण मोडू नका, त्यांना वाईट वाटेल. म्हणून आलो. यज्ञेशला तुमची पोर फार आवडते हो. माझ्या बडाईपायी त्याचं काही..."

आता कुठल्याही सज्जन माणसाने काय केलं असतं? तिथल्या तिथे "मीही तुमच्यातलाच" म्हणून मिठी मारली असती. मिठी मारायला जागा नव्हती ही गोष्ट वेगळी. पण मला, देवाची शपथ, मोह झाला. आजवर मी मागे होतो. मुलीचा बाप म्हणून जन्मभर मागेच राहायचं होतं. आणि अचानक वरपक्ष माझ्यापुढे हात जोडून उभा होता! मी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात म्हणालो, "त्यात काय एवढं? मी आहे ना. फक्त मी करतो तसं करा."

"देवासारखे भेटलात," जगदीशराव म्हणाले.

हे म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता मला काहीतरी करावं लागणार. ओट्याच्या डाव्या अंगाला कातळाची एक तिरपी पाठ होती, खाली गवताच्या टप्प्यापर्यंत गेलेली. नाळेपेक्षा ती मला जरा माणसात आल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "हा बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन झालेला. याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. आता नीट बघा. पहिलं पाऊल असं..."

बेसाल्टबद्दल मी अजूनही तक्रार करणार नाही. पण त्याच्यावर वाळलेलं गवत पडलेलं होतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पहिलं पाऊल पुढे गेलं, ते गेलंच. मी बसलो. बसल्या बसल्या निघालो. "आई गं!" एवढंच मी म्हणू शकलो. ढगांकडे बघत, मोतिया पँटीवरून, सह्याद्रीचा बराचसा भाग मी असा उतरलो आणि खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलो.

वरून कौतुकाने हाक आली. "बसून उतरायचं होय? आधी सांगायचंत ना!"

"थांबा! जगदीशराव, थांबा!" मी ओरडलो.

पण शिष्य फार आज्ञाधारक होता. ते व्यवस्थित बसले, रुमालाने जागा झटकली, पाय माझ्यासारखे वर केले, आणि "आई गंऽऽ" हे शब्दही न विसरता म्हणत सुसाट खाली आले. करवंदीच्या जाळीत माझ्याशेजारी जागा होती, पण ते माझ्या अंगावरच आले.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

मग मात्र मला राहवलं नाही. काटे काढता काढता मी सगळं सांगून टाकलं. फळ्यावरचा सह्याद्री, गच्चीचा जिना, परवानगी, सगळं. जगदीशराव असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "अहो, मग आपण आलोच कशाला?"

"तुम्ही येतो म्हणालात म्हणून."

"आणि मी येतो म्हणालो ते तुम्ही या म्हणालात म्हणून!"

आम्ही गवतात बसून पोट धरून हसलो. म्हणजे बसलो असं म्हणायचं, बसवत नव्हतं. दोन्ही पँटींचा बसायचा भाग डोंगरावरच राहिला होता. शेवटी जगदीशराव गंभीर होऊन म्हणाले, "हे बायकांना कळता कामा नये." मी त्यांचा हात हातात घेऊन वचन दिलं.

गवताच्या टप्प्यावरून गुरांची एक वाट वाडीत उतरत होती. परत येतानाही क्रमाचा प्रश्न आला, पण आता तो वेगळा होता: जो पुढे चालेल त्याची मागची बाजू मागच्याला दिसणार. म्हणून आम्ही शेजारी शेजारी चाललो. अंगणात शिरलो ते खेकड्यासारखे आडवे, आणि कुडाला पाठ लावून उभे राहिलो.

"बसा ना," विमलबाई म्हणाल्या. "घोंगडी हातरली हाय."

"नको, उभेच बरे आहोत," मी म्हटलं. "डोंगरावरून आल्यावर लगेच बसू नये. पाय आखडतात."

"त्ये बरीक खरं," विमलबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून चुलीकडे गेल्या. आतून "तिकडं आमची बकरी पन नाय जात गं!" असं काहीसं ऐकू आलं. सई आणि यज्ञेश खरा डोंगर चढून परत आले होते. यज्ञेशने विचारलं, "बाबा, वर दिसला नाहीत तुम्ही?" जगदीशराव म्हणाले, "आम्ही वेगळ्या वाटेने गेलो. जरा अवघड असते ती." सईने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यातली करवंदीची पानं काढली. शैला आणि प्रणिताताई मान खाली घालून वांग्याची भाजी वाढत होत्या. आम्ही दोघे उभ्याने जेवलो. भाकरी फार चांगली होती.

घरी आल्यावर मी शैलाला सांगितलं की पँट खिळ्याला अडकली. ती "असं होतं" म्हणाली आणि पँट घेऊन गेली. साखरपुड्याला काय घालू म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "मी बघते." मला वाटलं, काय गुणी बायको आहे. साखरपुड्याच्या सकाळी तिने इस्त्री केलेली पँट हातात ठेवली. कॉफी रंगाची. त्यावर पिवळट चौकडी.

"अगं, ही?"

"टेरिकॉट आहे," शैला म्हणाली. "फाटत नाही."

दुसरं काही घालायला वेळ नव्हता आणि दुसरं काही नव्हतंही. हॉलवर पोचलो. दारात स्वागताला उभा राहिलो. खोपोलीची गाडी आली, दार उघडलं, आणि जगदीशराव उतरले. कॉफी रंग. पिवळट चौकडी.

आम्ही दोघे एकमेकांच्या पँटीकडे बघत उभे राहिलो. मग दोघांनी एकदमच मान वळवली. पलीकडे शैला आणि प्रणिताताई एकमेकींच्या दंडाला धरून, नथी सावरत हसत होत्या. विमलबाईंच्या अंगणातून ती नाळ, तो ओटा आणि ती कातळाची पाठ अगदी समोर दिसते, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी सगळं बघितलं होतं. फोनसुद्धा मजा बघायलाच केला होता. आणि तिथेच वांगी निवडता निवडता त्या दोघींनी कापडाचं ठरवून टाकलं होतं. महाराष्ट्रात आजवर जेवढे पँटपीस दिले गेले, त्यांतले खरोखर शिवले गेलेले बहुधा हे दोनच.

एवढ्यात कुणाच्या तरी ओळखीने आलेले एक जाडजूड काका घाम पुसत आतून बाहेर आले. आम्हा दोघांना एकसारख्या पँटीत दारात उभं बघून म्हणाले, "अरे, तुम्ही केटरिंगवाले ना? केव्हाची माणसं येऊन बसलीयत. पाणी फिरवा जरा!"

मी तोंड उघडलं. मुलीचा बाप! भर साखरपुड्यात! मी जगदीशरावांकडे बघितलं, कारण अपमान आधी त्यांचा होता, वरपक्ष होते ते. सईही स्टेजवरून आमच्याकडेच बघत होती, साडी सावरायची विसरून.

जगदीशरावांनी टेबलावरचा पाण्याचा ट्रे उचलला. दुसरा माझ्या हातात दिला.

"चला," मी म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा."

"गप्प बसा हो," व्याही म्हणाले, आणि मला कोपराने ढकलून आत घेऊन गेले. दार अरुंद होतं. आम्ही दोघे एकदमच आत शिरलो, थोडं पाणी सांडलं, आणि स्टेजवर माझी पोर एवढ्या मोठ्याने हसली की गुरुजींचा मंत्र थांबला.